नवीन वेबसाइटची निर्मिती : नाशिकमधील कार्यपद्धती

नवीन वेबसाइटची निर्मिती : व्यावसायिक, संस्था किंवा देवस्थान वेब डिझाइन कंपनीकडून आपली वेबसाइट करून घेते ती प्रक्रिया. पहिल्या बोलण्यापासून ती सुरू होते आणि साइट लाइव्ह झाल्यावरही वार्षिक देखभालीच्या रूपाने चालू राहते. डिझाइन आणि कोडिंग हा या कामाचा दिसणारा भाग. प्रत्यक्षात बराच वेळ जातो तो ग्राहकाकडून त्याच्याच धंद्याची नेमकी माहिती काढून घेण्यात. साइट शेवटी ग्राहकाची असते. तिच्यात मजकूर त्याचा हवा आणि तिच्या किल्ल्या, म्हणजे लॉगिन-पासवर्डही, त्याच्याच हातात हव्यात. या दोन गोष्टी सांभाळल्या गेल्या की बाकीचे काम सहसा अडत नाही.

जगातील पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत सुरू केली. लहान शहरांतील धंद्यांपर्यंत हे माध्यम पोहोचायला बराच काळ गेला. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेस या साइट उभारण्याच्या सॉफ्टवेअरमुळे चार-सहा जणांच्या कंपनीलाही पूर्ण साइट उभी करता येऊ लागली, आणि २००५ मध्ये डॉट इन नावांची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत हे नावही घेता येते. व्यवहारात मात्र बहुतेक ग्राहक डॉट कॉम किंवा डॉट इन हेच मागतात.

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर अशा भागांत या कंपन्यांची कार्यालये आहेत. बहुतेक लहान : ग्राहकाला भेटायला मालक स्वतः जातो, एक-दोघे डिझाइन करतात, एक-दोघे कोड लिहितात, मजकूर जो मोकळा असेल तो पाहतो. ग्राहकवर्ग मात्र शहराइतकाच मिश्र. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील सुटे भाग बनवणारे कारखानदार, निफाड-दिंडोरीचे द्राक्ष निर्यातदार, वायनरी, येवल्याचे पैठणी विक्रेते, त्र्यंबकेश्वरचे पुरोहित, शिवाय डॉक्टर, बिल्डर आणि क्लासेस. यांतल्या प्रत्येकाची साइट वेगळा माणूस उघडतो, आणि तिथूनच कामाला सुरुवात होते.

पहिली बैठक : अंबडमधील एखादा कारखानदार ‘त्या अमक्यांची आहे तशी साइट हवी’ एवढेच सांगतो. एका ओळीत त्याची अपेक्षा संपते. चांगली कंपनी अशा वेळी रंगांबद्दल विचारत नाही. ‘तुमच्याकडे नवी ऑर्डर येते ती कोणाकडून?’ असे विचारते. उत्तर बहुधा मोठ्या वाहन किंवा विद्युत उपकरण कंपनीचा खरेदी अधिकारी असे येते. हा माणूस साइटवर काय शोधतो याचा विचार केला की पानांची यादी आपोआप तयार होते. त्याला मशीन लिस्ट हवी असते : व्हीएमसी ही संगणकावर चालणारी कटाई यंत्रे किती, त्यांच्या टेबलाचा आकार किती, प्रेस किती टनांची, टॉलरन्स म्हणजे मापातला चालणारा फरक किती मायक्रॉनपर्यंत धरता येतो, तपासणीला सीएमएम हे मोजमाप यंत्र आहे का. गुणवत्ता व्यवस्थेचे आयएसओ ९००१ किंवा वाहन उद्योगासाठीचे आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र आहे का आणि ते कधीपर्यंत वैध आहे, हेही तो पाहतो. ही सगळी माहिती कारखानदाराच्या डोक्यात आणि कोटेशनच्या फायलींत असते, पण साइटवर जाते ते ‘गुणवत्ता हेच आमचे ध्येय’. अशा वेळी कंपनीच्या माणसाने वही घेऊन शॉपफ्लोअरवर एक फेरी मारावी. घरी बसून लिहिलेल्या दहा पानांपेक्षा त्या फेरीतून जास्त हाती लागते.

द्राक्ष निर्यातदाराचे गणित निराळे. परदेशातील खरेदीदाराला वाण, पॅकहाउस, प्रीकूलिंगची म्हणजे काढलेला माल लगेच थंड करण्याची क्षमता, चांगल्या शेतीपद्धतीचे ग्लोबलगॅप प्रमाणपत्र आणि माल कोणत्या आठवड्यांत मिळेल हे कळायला हवे. कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेची नोंद असल्याने मालाचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. ही गोष्ट साइटवर ठळकपणे सांगण्यासारखी आहे. पण हा ग्राहक वर्षातून दोनदा हाती लागत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तो बागेत असतो, आणि जानेवारी ते एप्रिल काढणीत फोनही उचलत नाही. निवांत चर्चा होते ती पावसाळ्यात, आणि तेव्हा वेलीवर घडच नसतात. म्हणून जाणत्या कंपन्या फोटोंचे काम आदल्या फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून ठेवतात. तसे केले नाही तर साइटवर इंटरनेटवरचे विकतचे फोटो लागतात, आणि ज्याला द्राक्ष कळते तो खरेदीदार वाण चुकीचे आहे हे पहिल्या नजरेत ओळखतो.

कोटेशन आणि करार : कोटेशनमध्ये पाने किती, मजकूर आणि फोटो कोण देणार, भाषा कोणत्या, बदलांच्या फेऱ्या किती आणि लाइव्ह करण्याची तारीख कोणती हे लिहिलेले असावे. डोमेन म्हणजे साइटचे नाव आणि होस्टिंग म्हणजे ती ठेवण्याची सर्व्हरवरची जागा, या दोन्हींचा खर्च वार्षिक असतो; तो पहिल्या वर्षाच्या रकमेत मिसळून टाकला की दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचे बिल पाहून वाद होतो. काही रक्कम अॅडव्हान्स, काही डिझाइन मंजूर झाल्यावर आणि उरलेली साइट लाइव्ह होताना, अशी विभागणी रूढ आहे. नोंदणीकृत कंपनी १८ टक्के जीएसटी लावते.

मालकी हक्काचा मुद्दा मात्र बहुतेक कोटेशनांतून सुटलेला असतो. ग्राहकाला वाटते पैसे दिले म्हणजे सगळे आपले झाले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार निर्मात्याकडेच पहिला हक्क असतो, आणि बाहेरून करून घेतलेल्या डिझाइन व कोडच्या बाबतीत निर्माता म्हणजे वेब कंपनी. हक्क ग्राहकाकडे यायचा तर कलम १९ प्रमाणे तसे लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्या लेखात मुदत नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरते आणि प्रदेश नसेल तर भारतापुरते धरले जाते. कोटेशनमध्ये दोन ओळी वाढवल्या की हा प्रश्न मिटतो. ज्या कंपनीला त्या दोन ओळी लिहायला जड जाते तिला काम देण्याआधी ग्राहकाने थांबून विचार करावा.

मजकूर : कामे रेंगाळतात ती इथे. डिझाइन मंजूर झालेले असते, डेमो लिंक गेलेली असते आणि ‘मजकूर उद्या पाठवतो’ यावर महिने जातात. उपाय म्हणून काही कंपन्या मजकूर हातात आल्याशिवाय डिझाइनला हातच लावत नाहीत. ही पद्धत ग्राहकाला सुरुवातीला कडक वाटते, पण तीच योग्य आहे. खोट्या ओळी भरून केलेल्या डिझाइनमध्ये खरा मजकूर नंतर बसत नाही.

मराठी साइटसाठी आणखी एक अडथळा पार करावा लागतो. जुने माहितीपत्रक छापखान्यात श्रीलिपी किंवा तशाच फॉन्टमध्ये जुळवलेले असते. पडद्यावर ते मराठी दिसते, पण आत साठवलेले संकेत युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या पद्धतीचे, नसतात; म्हणून मजकूर कॉपी करून वेबवर टाकला की निरर्थक चिन्हे उमटतात. रूपांतर करणारी साधने आहेत. तरी रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, म्हणून रूपांतरित मजकूर एका माणसाने ओळ न् ओळ वाचलाच पाहिजे. हा कंटाळा टाळण्यासाठी माहितीपत्रकाचे चित्रच साइटवर चढवण्याची वाट अनेक जण धरतात. त्या चित्रातली अक्षरे निवडता येत नाहीत, दृष्टिहीनांच्या वाचक सॉफ्टवेअरला ऐकवता येत नाहीत आणि मोबाइलवर मोठी केली तर फाटतात.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवावी. ती नोंद नसली तर अनेक फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. नोंद केली आणि फॉन्टमध्ये सोय असली की मराठी वळणाचे ल आणि श दिसू लागतात. कोडमधला हा एक शब्द, पण नाशिकच्या वाचकाला साइट आपली वाटते ती अशा बारकाव्यांनी. ओळींमधले अंतरही रोमनपेक्षा जास्त ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात.

डिझाइन आणि मंजुरी : आधी होम पेज, ते पसंत पडले की आतली पाने, असा क्रम असतो. डिझाइन मोबाइलवर दाखवावे. ग्राहक कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर पाहून खूश होतो आणि त्याचे गिऱ्हाईक मात्र साइट फोनवर उघडते. पडद्याप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या डिझाइनची कल्पना २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी मांडली, आणि आता गुगलही साइटचे मोबाइल रूपच प्रमाण धरते. मंजुरी देणारी व्यक्ती एकच असावी. घरच्या धंद्यांत काका, पुतण्या आणि सूनबाई तिघेही व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेगवेगळे बदल सांगतात. ते एकत्र करून एकाच यादीत मागणे हा कंपनीचा हक्क आहे.

विक्रीची साइट असेल तर कायद्याच्या अटी वाढतात. येवल्याच्या विक्रेत्याला ऑनलाइन पैठणी विकायची असेल तर २०२०च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार धंद्याचे कायदेशीर नाव, पत्ता, परतावा-बदलीच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर द्यावा लागतो. ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या पेमेंट गेटवे कंपन्याही अटी व परताव्याची पाने पाहिल्याशिवाय खाते सुरू करत नाहीत. साडी हातमागाची की यंत्रमागाची हे स्पष्ट लिहिणे आणि फोटो दिवसाच्या उजेडात काढणे यावर परताव्यांची संख्या बरीच अवलंबून असते. त्र्यंबकेश्वरच्या पूजांच्या साइट वेगळ्या अर्थाने जोखमीच्या. २०२७च्या सिंहस्थासाठी निवास, वाहन आणि पूजेचे आगाऊ बुकिंग ऑनलाइन होणार, आणि येणारा भाविक तेलुगू, गुजराती, हिंदी अशा अनेक भाषांतला. पुरोहितांचे नाव, प्रत्यक्ष पत्ता आणि पूजेच्या दक्षिणेत काय काय येते हे स्वच्छ लिहिलेले असेल तर परगावचा माणूस फसत नाही. अशा साइटवर देवस्थानची अधिकृत साइट असल्याचा भास होऊ न देणे ही डिझाइन करणाऱ्याचीही जबाबदारी आहे.

साइट लाइव्ह करणे : पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा हे मुहूर्त ठरलेले. तांत्रिक काम त्याच्या दोन-तीन दिवस आधी उरकावे. याचे कारण एका नेहमीच्या घोटाळ्यात आहे. कारखान्याचे डोमेन जुने असते आणि त्यावर मेल चालू असतात. नवी साइट दाखवण्यासाठी कोणी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर, बदलतो, पण मेल कुठे पोहोचवायचे हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी नव्या ठिकाणी उतरवायच्या राहतात. साइट झळकते आणि खरेदी अधिकाऱ्याचे मेल येणे थांबते. बदल सगळीकडे पोहोचायला काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागत असल्याने कुणाला मेल येतात, कुणाला नाही, आणि दोष कुठे आहे ते चटकन कळत नाही. म्हणून जुन्या सगळ्या नोंदींची आधी नक्कल घ्यावी, मगच हात लावावा. जुनी साइट असेल तर तिच्या प्रत्येक पानाचा पत्ता नव्या पानाकडे वळवावा. अन्यथा गुगलवर वर्षानुवर्षे मिळवलेली जागा जाते. साइट आणि वाचक यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणारे एसएसएल प्रमाणपत्रही आधी बसवावे. ते नसलेल्या साइटवर जुलै २०१८ पासून क्रोम ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना दाखवतो.

देखभाल आणि हस्तांतर : वार्षिक देखभाल कराराला एएमसी म्हणतात. त्यात बॅकअप, वर्डप्रेस व त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर म्हणजे प्लगिन यांचे अद्ययावतीकरण आणि ठरावीक लहानसहान बदल येतात. जुनी राहिलेली प्लगिन हे साइट हॅक होण्याचे नेहमीचे कारण आहे, तरी पहिल्या वर्षानंतर करार न करणारे ग्राहक पुष्कळ.

डोमेन कोणाच्या नावावर घेतले जाते हा या व्यवसायातला सर्वांत नाजूक भाग. ग्राहकाला त्रास नको म्हणून कंपनी आपल्याच खात्यातून, आपल्याच मेलवर ते घेते. हेतू बहुधा चांगलाच असतो. पण कंपनी बंद पडली, मालक पुण्याला गेला किंवा हिशेबावरून बोलाचाली झाली की कारखान्याचे नाव दुसऱ्याच्या खात्यात अडकून पडते. सुरुवातीलाच ग्राहकाच्या मेल आणि मोबाइलवर खाते उघडावे आणि कंपनीने त्यात कामापुरता प्रवेश घ्यावा. काम संपल्यावर डोमेनचे व होस्टिंगचे लॉगिन, अॅडमिन पासवर्ड, पूर्ण बॅकअप, डिझाइनच्या मूळ फायली आणि फॉन्टचे परवाने सहीनिशी ताब्यात द्यावेत. ग्राहकाला पुढे दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे जायचे असेल तर डोमेनचे लॉक काढून ऑथ कोड हा स्थलांतराचा गुप्त संकेत द्यावा लागतो. नव्याने घेतलेले डॉट कॉम नाव पहिल्या ६० दिवसांत हलवता येत नाही. ही अट सोडली आणि खाती ग्राहकाच्याच नावावर असली, तर हे स्थलांतर सहसा आठवडाभरात पुरे होते.