सेट (इंग्रजी शब्द)

इंग्रजीतील सर्वाधिक अनेकार्थी शब्दांपैकी एक. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या 1989 मधील 20 खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद या शब्दाची होती आणि तीत चारशेंहून अधिक अर्थच्छटा दिल्या होत्या. पुढील सुधारित संपादनात हा मान ‘रन’ या क्रियापदाकडे गेला.

‘सेट’ हे क्रियापद ‘सिट’ म्हणजे बसणे याचे प्रयोजक रूप असून संस्कृतातील ‘सद्’ धातू त्याच मुळातला आहे. त्यामुळे ‘बसवणे’ हाच त्याचा गाभ्याचा अर्थ, आणि मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटावा, कारण अंगठीत खडा बसवणे आणि मोडलेले हाड बसवणे या दोन्ही क्रियांना इंग्रजीतही हेच क्रियापद चालते. मात्र हे साम्य फार दूर जात नाही. गजर लावणे, पाने मांडणे, प्रश्नपत्रिका काढणे, सापळा लावणे, विक्रम करणे या साऱ्यांचे काम इंग्रजी एकट्या ‘सेट’वर भागवते, उलट गणपती किंवा नाटक बसवायचे असेल, तर तिथे तो उपयोगी पडत नाही. सूर्य मावळण्यालाही हाच शब्द आहे. जोडशब्दांत गोंधळ अधिक वाढतो: ‘सेट असाइड’ म्हणजे घरखर्चातून पैसे बाजूला काढून ठेवणे, पण न्यायालयाने एखादा आदेश ‘सेट असाइड’ केला म्हणजे तो रद्दबातल ठरवला.

द्रव किंवा लगदा घट्ट होणे या अर्थाला बांधकामात तांत्रिक काटेकोरपणा आला आहे. सिमेंटचे सेट होणे आणि त्याला मजबुती येणे या वेगळ्या गोष्टी होत. विका उपकरणात सिमेंटच्या लगद्यावर बारीक सुई सोडतात. ती साच्याच्या तळापासून सुमारे 5 मिलिमीटरवर अडू लागली की प्रारंभिक सेटिंग झाले असे धरतात. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये ही वेळ 30 मिनिटांपेक्षा कमी आणि अंतिम सेटिंगची वेळ 600 मिनिटांपेक्षा जास्त असता कामा नये. माल ओतून होण्याआधीच तो आवळू नये म्हणून सिमेंट दळताना त्यात जिप्सम घालतात.

समूह या अर्थाचे नाम मात्र निराळ्या वाटेने आले. ‘अनुयायांचा गट’ अशा अर्थाचा लॅटिन ‘सेक्टा’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरला आणि क्रियापदाशी उच्चारसाम्य असल्याने दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळले. गेऑर्ग कँटर यांनी एकोणिसाव्या शतकात पाया घातलेल्या गणितशाखेत या नामाला मराठीत ‘संच’ म्हणतात. गणिताच्या संचात घटकांचा क्रम महत्त्वाचा नसतो आणि पुनरावृत्ती मोजली जात नाही. सहा सारख्या कपांच्या सेटला हा नियम लावला, तर हाती एकच कप उरेल. व्हॉलीबॉलमध्ये नाम आणि क्रियापद शेजारी नांदतात: 25 गुणांच्या सेटमध्ये सेटर स्मॅशसाठी चेंडू सेट करून देतो.

मराठीत हा शब्द इतका रुळला आहे की दही, केस, चित्रपटाचा देखावा आणि मुलाचे आयुष्य यांतले काहीही ‘सेट’ होऊ शकते. ‘सेटिंग’ला तर आतून केलेल्या जुळवाजुळवीचा खास देशी अर्थ चिकटला आहे. सहायक प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ परीक्षा या शब्दाशी संबंधित नाही. ते राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे.