प्रांतात संयुक्त मंत्रिमंडळ कसे स्थापन होई : १९३५ च्या कायद्यातील पात्रता, कार्यपद्धती आणि कागदपत्रे

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या अभ्यासवर्गात परीक्षेची तयारी करणारी मुले दरवर्षी विचारतात की, १९३५ च्या कायद्याखाली, म्हणजे ब्रिटिश काळातील भारत सरकार कायद्याखाली, प्रांतात सरकार स्थापण्यासाठी कोणता अर्ज भरावा लागे. बडोदे गायकवाडांचे संस्थान असल्याने १९३७ च्या प्रांतिक निवडणुका येथे झाल्याच नाहीत, त्यामुळे घरच्या आठवणींतूनही उत्तर मिळत नाही.

असा अर्ज नव्हता. कलम ५१ प्रमाणे मंत्री निवडणे आणि दूर करणे गव्हर्नरच्या स्वेच्छाधिकारात होते. मात्र विधिमंडळात स्थिर बहुमत मिळवू शकेल अशा व्यक्तीच्या सल्ल्याने मंत्री नेमावेत आणि त्यांत महत्त्वाच्या अल्पसंख्य समाजांचे सदस्य शक्यतो असावेत, असे त्याला दिलेल्या सूचनापत्रात बजावले होते. विधानसभेच्या उमेदवाराचे वय किमान २५ असावे लागे. नेमणुकीच्या वेळी मंत्री सभागृहाचा सदस्य नसला तरी चाले, पण सलग सहा महिने तो सदस्य नसेल तर मंत्रिपद जाई.

बहुमत जुळवण्यासाठी कोणते कागद हवेत हे कायद्याने सांगितलेले नाही, आणि खरी अडचण तिथेच येई. बंगालच्या २५० जागांच्या विधानसभेत कोणालाच बहुमत नव्हते. फजलुल हक यांच्या कृषक प्रजा पक्षाची काँग्रेसशी बोलणी झाली ती कार्यक्रमाच्या मसुद्यावर, आणि ती अडली कलमांच्या क्रमावर. राजबंद्यांची सुटका आधी असावी, असा काँग्रेसचा आग्रह होता. गव्हर्नरने ती नाकारली तर राजीनामा द्यावा लागेल आणि कुळांना कर्जातून सोडवण्याचे काम हाती घेण्याआधीच सरकार जाईल, ही हकांची भीती होती. दोघांचेही म्हणणे मला मनापासून पटते, म्हणूनच ती बोलणी फिसकटल्याचे वाईट वाटते. हक मुस्लिम लीगकडे वळले आणि १ एप्रिल १९३७ रोजी संयुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मुलांना मी सांगतो की समझोत्याचा कागद हाती आला की त्यातली कलमे किती आहेत हे नंतर मोजा, आधी पहिले कलम कोणते ते पाहा.

मुंबई प्रांतात काँग्रेसने सुरुवातीला अधिकार स्वीकारला नाही, तेव्हा धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ नेमले गेले आणि जुलैत काँग्रेसचे बाळासाहेब खेर अधिकारावर आले. १९३९ मध्ये खेरांनी राजीनामा दिल्यावर मात्र कलम ९३ खाली घोषणा काढून गव्हर्नरने प्रांताचा कारभार स्वतःकडे घेतला.