वस्तुमान केंद्र आणि गतीची गणिते

वस्तूचे किंवा अनेक वस्तूंच्या समूहाचे सगळे वस्तुमान एका बिंदूत एकवटले आहे असे मानून त्याची एकूण गती मोजता येते. त्या बिंदूला वस्तुमान केंद्र म्हणतात. प्रत्येक कणाचे वस्तुमान गुणिले त्याचे स्थान, या गुणाकारांच्या बेरजेला एकूण वस्तुमानाने भागले की केंद्राचे स्थान मिळते. हा बिंदू वस्तूच्या आतच असेल असे नाही. बांगडीचे वस्तुमान केंद्र मधल्या पोकळीत असते.

समूहातले कण एकमेकांवर लावतात ती बले न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जोडीजोडीने समान आणि विरुद्ध असतात. बेरीज करताना ती सगळी कटतात आणि फक्त बाह्य बले उरतात. म्हणून एकूण बाह्य बलाला एकूण वस्तुमानाने भागले की केंद्राचे त्वरण मिळते, आणि बाह्य बल शून्य असेल तर केंद्राचा वेग बदलत नाही. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त हे गतीच्या नियमांचा उपसिद्धांत म्हणून मांडले.

पद्धतीची खरी ताकद होडीच्या गणितात दिसते. संथ पाण्यात १२० किलोग्रॅमची, ३ मीटर लांबीची होडी स्थिर उभी आहे. तिच्या एका टोकावरचा ६० किलोग्रॅमचा माणूस चालत दुसऱ्या टोकाला जातो. पाण्याचा विरोध नगण्य धरला तर आडव्या दिशेत बाह्य बल नाही, म्हणजे दोघांचे मिळून केंद्र जागचे हलणार नाही. होडी ‘क्ष’ मीटर मागे सरकली, तर माणूस काठाच्या हिशेबाने ३ वजा क्ष मीटर पुढे गेला. १२० क्ष = ६० (३ − क्ष), म्हणून क्ष = १ मीटर. माणूस सावकाश चालला की पळत गेला, मध्ये थांबला का, तळव्याखालचे घर्षण किती, यातले काहीच लागले नाही. होडीचे स्वतःचे केंद्र कुठे आहे, हेही विचारावे लागले नाही.

तोफगोळ्याचे गणित याच वाटेने सुटते. हवेचा विरोध सोडला तर २०० मीटर पल्ल्याचा गोळा सर्वोच्च बिंदूवर तोफेपासून आडव्या अंतराने १०० मीटरवर असतो. तिथे त्याचे दोन समान तुकडे झाले आणि एक तिथूनच सरळ खाली पडला, तर केंद्र मूळ मार्गानेच २०० मीटरवर पोचते. मग दुसरा तुकडा ३०० मीटरवर पडलाच पाहिजे. दोन्ही तुकडे एकाच क्षणी जमिनीला टेकतात म्हणून हे चालते. एक आधी टेकला असता तर जमिनीचे बलही बाह्य बलांत धरावे लागले असते. विद्यार्थ्यांची गफलत बहुधा इथेच होते.

ऊर्जेचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा. स्फोटात केंद्राचा वेग तोच राहतो, पण तुकड्यांची एकूण गतिज ऊर्जा वाढते. केंद्राच्या गतीची ऊर्जा आणि केंद्राभोवतीच्या गतीची ऊर्जा वेगवेगळी काढून मग बेरीज करणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

आकाशातही हाच नियम लागू पडतो. पृथ्वी आणि चंद्र यांचे सामाईक केंद्र पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच आहे, आणि दोघेही त्याच्याभोवती फिरतात. ताराही आपल्या ग्रहामुळे असाच किंचित डोलतो. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोज यांनी ५१ पेगासी या ताऱ्याच्या अशाच डोलण्यावरून त्याचा ग्रह शोधला.