काळा स्क्रू लाकडाचा नव्हे

जूनमध्ये आमच्या स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा फुगला. दोनदा खांद्याने रेटला; तिसऱ्यांदा वरच्या बिजागरीत टक्‌ आवाज झाला आणि दरवाजा एका अंगाला कलला. चारपैकी तीन स्क्रूंची डोकी उडाली होती, दांड्या चौकटीतच. ते बसवले होते मीच, फॉल्स सीलिंगच्या कामातून उरलेले काळे स्क्रू.

काळा स्क्रू जिप्सम बोर्डाचा. दुकानात तो लाकडाच्या स्क्रूशेजारीच असतो, टोकही तसंच अणकुचीदार, म्हणून फसायला होतं. त्याचं पोलाद कडक केलेलं असतं. कडक म्हणजे ठिसूळही, आडवा ताण आला की न वाकता तुटतो. लाकडाचा स्क्रू आधी वाकतो, म्हणजे निदान इशारा तरी देतो. काळ्याचं डोकं खालून तुतारीसारखं गोलाईत उतरतं, बोर्डाचा कागद फाटू नये म्हणून. बिजागरीच्या भोकाचा उतार मात्र सरळ असतो, तिथे ते नीट बसतच नाही. शिवाय पत्र्याच्या सांगाड्यासाठी केलेल्या काळ्या स्क्रूचे आटे बारीक, लाकडात त्यांची पकड कमी.

खरी गंमत मानेत आहे. लाकडासाठीच्या जुन्या घडणीच्या स्क्रूला डोक्याखाली आटे नसतात. दोन फळ्या जोडताना वरच्या फळीत ही गुळगुळीत मान मोकळी फिरते आणि आटे खालच्या फळीला वर ओढून घेतात. आटे डोक्यापर्यंत असले तर ते दोन्ही फळ्यांत रुततात. मधे फट असेल तर कितीही पिळा, ती तशीच राहते. असा स्क्रू वापरायचाच तर वरच्या फळीतलं भोक सैल पाडावं.

मापाचं सोपं आहे. ‘३५ बाय ८’ म्हणजे लांबी ३५ मिलिमीटर, जाडी ८ नंबर, साधारण ४.२ मिलिमीटर. ६ नंबर साडेतीनचा. लांबीचा दोन तृतीयांश भाग खालच्या लाकडात जायला हवा: १२ मिलिमीटरची पट्टी जाड चौकटीवर मारायची तर ३५ चा स्क्रू घ्या. फणस, सागवान अशा लाकडात ८ नंबरला आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडावं आणि आट्यांना साबण चोळावा. पितळी स्क्रू हवा असेल तर त्याच मापाचा लोखंडी आधी फिरवून काढा; पितळ मऊ, मान मुरगळते.

काळ्यावरचा फॉस्फेटचा मुलामा घरातल्या कोरड्या जागेपुरता. आपल्या पावसात बाहेरच्या दारा-खिडक्यांना स्टेनलेसच घ्यावा: समुद्रापासून दूर ३०४ प्रतीचा चालतो, पण गोव्यात कळंगुट किंवा मोरजीला खाऱ्या वाऱ्यात घर असेल तर ३१६ प्रतीचा.

दरवाजाचं काय झालं? तुटक्या दांड्या निघाल्या नाहीत. मेस्ताने, म्हणजे सुताराने, बिजागरी दोन बोटं खाली घेतली आणि जुन्या खाचेत सागाची चीप बसवली. अजून रंग लावलेला नाही, येणारा-जाणारा विचारतोच.