नाट्यवेशभूषेतील रंगयोजना

पात्राचे वय, सामाजिक स्थान आणि मनःस्थिती त्याने तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकाला उमगावी, यासाठी कापडाचा रंग, पोत, काठ आणि नेसण यांची केलेली योजना म्हणजे नाट्यवेशभूषेतील रंगयोजना होय. भरताच्या नाट्यशास्त्रात वेश, अलंकार व रंगलेपन हे आहार्य अभिनयाचे, म्हणजे बाह्य साजातून होणाऱ्या अभिनयाचे, भाग मानले असून वेशाचे शुद्ध (पांढरा), विचित्र (रंगीबेरंगी) आणि मलिन (मळका) असे प्रकार सांगितले आहेत. रसांनाही तेथे रंग नेमून दिले आहेत : शृंगाराला श्याम, रौद्राला लाल, करुणाला पारव्याचा करडा, अद्भुताला पिवळा. मराठी नाटकाचा कपडेपट, म्हणजे पात्रांच्या कपड्यांचा संच, मात्र या कोष्टकापेक्षा घरच्या चालीरीतींवर अधिक विसंबून राहिला.

याचा आरंभ सांगलीत दिसतो. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ ही त्यामागची प्रेरणा होती. भाव्यांच्या पौराणिक खेळांत देव आणि दानव पाहताक्षणीच वेगळे कळत. रंगवलेल्या चेहऱ्याचे राक्षस आरोळ्या ठोकत, तलवारी परजत येत. मिणमिणत्या दिव्यांच्या उजेडात आणि दूरवर बसलेल्या प्रेक्षकांपुढे अशा भडक रंगांना पर्याय नव्हता, त्यामुळे त्यांना निव्वळ बाळबोध ठरवणे अन्यायाचे होईल.

सामाजिक नाटकात प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण मराठी समाजात एकट्या रंगाला ठाम अर्थ नसतो. लाल रंगाचेच उदाहरण घ्यावे. कुंकवाचा आणि नववधूच्या शालूचा लाल सौभाग्याचा, तर केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावरील जाड्याभरड्या आलवणाचाही रंग तांबडाच. दोहोंतील भेद काठ-पदर, पोत आणि डोक्यावरून घेतलेला पदर दाखवतो. एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण घर उभे करताना विधवेला पांढरी साडी नेसवणारा वेशभूषाकार म्हणूनच चुकतो. तो संकेत त्या घरातला नव्हे. काळ्या रंगाचेही तसेच आहे : एरवी अशुभ मानलेला हा रंग संक्रांतीला चंद्रकळेच्या रूपाने हौसेने नेसला जातो. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकात म्हाताऱ्या वराच्या कपाळी मुंडावळ्या बांधल्या की वस्त्राचा रंग कितीही मंगल असला तरी दृश्य विदारक होते.

प्रतीकासाठी वेश बदलावाच लागतो असेही नाही. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकात पात्रे महाभारतातलीच राहिली, तरी प्रेक्षकांनी कीचकात इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ओळखला आणि पुढे सरकारने नाटकावर बंदी घातली. उलट स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या उंची शालू-पैठण्यांनी वस्त्रालाच आकर्षणाचे केंद्र केले. स्त्रियांनी त्यांच्या नेसणीचे अनुकरण केले हे खरे, पण त्या झगमगाटात भूमिकेची गरिबी लपण्याचा धोकाही होता.

विजेच्या प्रकाशयोजनेमुळे कापड दिव्याखाली तपासून घेणे अपरिहार्य झाले. हिरव्या झोतात लाल लुगडे काळपट दिसते, आणि दुकानात शोभून दिसलेला अंजिरी रंग निळ्या प्रकाशात मरून जातो.

सांगली-सातारा भागातील हौशी संस्थांच्या हाताशी पैसा बेताचाच असल्याने ऐतिहासिक व पौराणिक नाटकांची ड्रेपरी (पात्रांचे तयार पोशाख) बहुधा भाड्याने येते. सामाजिक नाटकांसाठी घरोघरची जुनी इरकली लुगडी, धोतरे आणि टोप्या गोळा केल्या जातात. कोरे कापड जुने दिसावे म्हणून ते चहाच्या पाण्यात भिजवतात, कोपर आणि गुडघ्यांजवळ दगडाने घासतात आणि वाळल्यावर इस्त्री न करता चुरगाळून ठेवतात. शेतकऱ्याच्या सदऱ्याला खांद्यावर अधिक फिकेपणा आणावा लागतो, कारण ऊन तेथेच सर्वांत जास्त लागते.