क्लॅमिडिया : एका डोसकडून पुन्हा सात दिवसांकडे

लघवीच्या जागेतून स्राव येतो म्हणून नागपुरातल्या एखाद्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, गेलेल्या माणसाला राष्ट्रीय कार्यक्रमातलं राखाडी पाकीट दिलं जातं. त्यात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच घ्यायचं. तोच माणूस धंतोलीत एखाद्या खासगी डॉक्टरकडे गेला, तपासणीत नुसता क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा जंतू निघाला, तर त्याला डॉक्सिसायक्लिनच्या १४ गोळ्या लिहून मिळू शकतात : १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. रुग्ण गोंधळतो, पण दोन्ही उपचारांमागे आपापलं कारण आहे.

पेनिसिलिन आल्यावर परमा (गनोरिया) बरा होऊ लागला, तरी काही पुरुषांचा स्राव थांबेना. परम्याचा जंतू गेलेला असे, त्रास मात्र उरे. त्यामागे बहुतेकदा क्लॅमिडिया असतो हे १९७०च्या दशकात स्पष्ट झालं. डोळ्यांच्या खुपऱ्या करणारा जंतूही याच जातीचा. तो १९०७ साली जावा बेटावर पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि १९५७ साली चीनमध्ये कोंबडीच्या अंड्यात वाढवता आला. तो आपल्या पेशींच्या आत राहतो, त्यामुळे पेशीत शिरून काम करणारं औषधच हवं. ते टेट्रासायक्लिन गटात मिळालं. या गटातलं पहिलं औषध १९४८ साली जाहीर झालं, मिसुरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून. पुढे टेट्रासायक्लिन दिवसातून चार वेळा घ्यावं लागे. १९६७ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या डॉक्सिसायक्लिनने ते दोनवर आणलं.

दोन वेळा, तेही सात दिवस. दोन-तीन दिवसांत जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या कपाटात जातात, हे कुठल्याही फॅमिली डॉक्टरला विचारा. शिवाय हा आजार घरच्यांपासून लपवायचा असतो. एकत्र कुटुंबात आठवडाभर गोळ्यांचं पाकीट सांभाळणं सोपं नाही.

झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत १९८०च्या सुमारास तयार झालेलं अझिथ्रोमायसिन नेमकं इथे उपयोगी पडलं. ते पेशींमध्ये साठतं आणि कित्येक दिवस टिकतं, म्हणून एक डोस पुरतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही औषधांचे निकाल जवळपास सारखे आले. डॉक्टरांसमोरच औषध घेतलं की काम झालं! तपासणीशिवाय, नुसत्या लक्षणांवरून उपचार करणाऱ्या कार्यक्रमांना याहून सोयीचं काय असणार? राखाडी पाकिटात अझिथ्रोमायसिन आहे ते यामुळे. सोबतचं सेफिक्झिम परम्यासाठी, कारण लक्षणांवरून दोघांत फरक करता येत नाही.

मग पारडं पुन्हा का फिरलं? जंतूंचा अंश अचूक टिपणाऱ्या जनुकीय तपासण्या आल्या आणि औषध घेऊनही बरे न झालेले रुग्ण दिसू लागले. लॉस एंजेलिसच्या युवा सुधारगृहांमध्ये झालेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिथे प्रत्येक गोळी देखरेखीखाली दिली जात होती, म्हणजे डॉक्सिसायक्लिनचा एकमेव मोठा दोष बाजूला काढलेला. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत एकही अपयश नाही; अझिथ्रोमायसिन घेणाऱ्या १५५ जणांत पाच. हा फरक तसा किरकोळ. खरा धक्का गुदमार्गातल्या संसर्गाने दिला : २०२१ सालच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत, समलिंगी संबंध असलेल्या पुरुषांमध्ये, डॉक्सिसायक्लिन ९६.९ टक्के यशस्वी ठरलं, अझिथ्रोमायसिन ७६.४ टक्के. हा प्रश्न फक्त पुरुषांचा नाही. योनीमार्गात संसर्ग असलेल्या स्त्रियांच्या गुदमार्गातही तो पुष्कळदा सापडतो. ब्रिटनने २०१८ साली आणि अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ साली डॉक्सिसायक्लिनला पहिली पसंती दिली.

आणखी एक कारण होतं, आणि माझ्या मते आपल्याकडे त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाचा दुसरा जंतू असाच स्राव निर्माण करतो आणि अझिथ्रोमायसिनच्या एका डोसने तो पुष्कळदा मरत नाही, उलट प्रतिकारक्षम होतो. सर्दी-खोकल्यालाही दुकानातून ‘अझी’ची पट्टी आणणाऱ्या शहरात याची काळजी वाटायलाच हवी.

अझिथ्रोमायसिन बाद झालेलं नाही. गर्भवतीला तेच देतात, कारण डॉक्सिसायक्लिन बाळाच्या दातांवर-हाडांवर परिणाम करू शकतं. डॉक्सिसायक्लिनचे स्वतःचे त्रासही आहेत : ग्लासभर पाण्यासोबत घेऊन थोडा वेळ बसून राहिलं नाही तर अन्ननलिकेला जखम होते, आणि उन्हात त्वचा भाजते. मे महिन्यात दुपारी स्कूटरवरून सीताबर्डीला जाणाऱ्याला डॉक्टरांनी हे आधीच सांगायला हवं.

औषध कुठलंही असो, जोडीदाराचा उपचार सोबतच करावा लागतो. एका डोसनंतर सात दिवस, किंवा सात दिवसांचा कोर्स संपेपर्यंत, संबंध टाळायचे. जनुकीय तपासणी लगेच पुन्हा करू नये. मेलेल्या जंतूंचे अंशही ती तीन-चार आठवडे ‘पॉझिटिव्ह’ दाखवू शकते. पुन्हा लागण झाली का, हे बघायला साधारण तीन महिन्यांनी तपासतात.