उष्ट्यावर चालणारी पंगत

डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या 'आरती' संस्थेचा घरगुती बायोगॅस ज्यांनी वापरलाय, त्यांना ठाऊक असेल की त्याला शेण लागतं ते विरजणापुरतं. पुढे रोज खरकटं, शिळा भात, खराब झालेलं पीठ घातलं की शेगडी पेटते. २००६ मध्ये या संयंत्राला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पण टाकीत मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू, बनवणारे जीव त्या भाताला तोंडच लावत नाहीत. त्यांचं भागतं ते इतरांनी भात खाऊन टाकलेल्या हायड्रोजनवर आणि ॲसिटेटवर (व्हिनेगरातल्या आम्लाचं रूप). आपल्या मोठ्या आतड्यातही अशीच उष्ट्याची पंगत बसते. आणि शास्त्रज्ञांना ती उमगली ती आधी गाळात आणि गाईच्या पोटात.

माणसाच्या आतड्यातली पंगत कळायला उशीर का झाला? रोगजंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून शिस्त एकच: जंतू वेगळा काढायचा आणि एकटाच वाढवायचा. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश यांनी तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून ई. कोलाय हा जीवाणू वेगळा केला तो याच वाटेने. रोगजंतूंसाठी ही वाट उत्तम होती. आतड्यातल्या बहुतेकांना मात्र हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, आणि ज्यांचं पोट शेजाऱ्यावर चालतं ते एकटे पडले की वाढतच नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्याला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी गाईच्या कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जीव वाढवण्यासाठी ऑक्सिजन काढून टाकलेली बंद नळी वापरली. आतलं पातळ अगार (जंतू वाढवायची जेली) थिजेपर्यंत नळी गोल फिरवायची, म्हणजे काचेला आतून पातळ थर बसतो आणि त्यात जंतूंच्या वसाहती, म्हणजे ठिपक्यांएवढे पुंजके, उठतात. साधी युक्ती, पण दार तिनेच उघडलं.

माझ्या मते खरं वळण १९६७ चं. अल्कोहोलपासून मिथेन बनवणारा एक जीव दोन दशकांहून जास्त काळ प्रयोगशाळांत एकच जात म्हणून सांभाळला जात होता. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोघे आहेत. पहिला अल्कोहोल खाऊन हायड्रोजन सोडतो, पण तोच साचला की त्याची वाढ खुंटते. दुसरा तो हायड्रोजन उचलून मिथेन करतो. म्हणजे उष्टं खाणारा वाढप्यालाही जगवतो!

माणसाच्या आतड्यात हा धागा या शतकात नीट हाती आला. बिफिडोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू पिष्टापासून (स्टार्चपासून) लॅक्टेट आणि ॲसिटेट बनवतात. दुसरे जीव त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे.



या पंगतीत वाढपी मात्र मोजकेच. शिजवून गार झालेल्या भातातलं काही पिष्ट लहान आतड्यात पचत नाही, ते खाली उतरतं. रुमिनोकॉकस ब्रोमाय हा जीवाणू तिथे ते फोडतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांच्या पोटात असं पिष्ट नीट फुटत नव्हतं त्यांच्या विष्ठेच्या नमुन्यात हा एक जीव मिसळला. पिष्ट फुटू लागलं.